टू-इन-वन टॅबलेट घ्यायचाय? आधी कीबोर्डचे पैसे धरा, मग रॅम बघा

परवा रावेरहून मावसभावाचा फोन आला, "दादा, मी सगळं बघून ठेवलंय, मायक्रोसॉफ्टचा तो कीबोर्ड काढला की टॅबलेट होणारा सरफेस प्रो घेतोय, ९९९ डॉलरपासून चालू झाला म्हणे." म्हटलं थांब भो, कीबोर्ड धरलास का त्यात? तर पलीकडे शांत. फोटोत कीबोर्ड लावलेलाच दिसतो ना, त्यामुळे सगळ्यांना वाटतं तो डब्यात येतो. नाही येत. पेनही नाही येत. मी स्वतः चाळीसगावला गणिताचा क्लास घेतो, चार वर्षं झाली असल्याच मशीनवर पेनने लिहून प्रोजेक्टरवर शिकवतोय, आणि दर महिन्याला कोणीतरी हेच विचारतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले भावाचं बघू. २०२४ च्या जूनमध्ये सरफेस प्रोची ११ वी आवृत्ती आली, स्नॅपड्रॅगन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (म्हणजे फाईली साठवायची डिस्क), अमेरिकेत तेव्हा ९९९ डॉलर. ओएलईडी स्क्रीनवाला हवा असेल तर तिथून थेट १४९९ होता. आता त्यांचा तो फ्लेक्स कीबोर्ड, जो काढून बाजूला ठेवला तरी चालतो, तो तेव्हा पेनसकट ४५० डॉलर, म्हणजे मशीनच्या जवळजवळ निम्मे पैसे नुसत्या कीबोर्ड-पेनात! साधा कीबोर्ड स्वस्त पडतो, पण फुकट काहीच नाही. शिवाय हे अमेरिकेतले, बाजारात आले तेव्हाचे भाव, आजचा भाव बघून घ्या, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरूनच हिशोब करा, तुमचा जीएसटी नंबर असेल आणि धंद्यासाठी घेत असाल तर बिल फर्मच्या नावाने घ्या म्हणजे भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटचं तुमच्या सीएला विचारता येईल. २०२५ च्या मेमध्ये १२ इंचीवाला छोटा आला ७९९ डॉलरला, त्याच्याबद्दल खाली सांगतो कारण त्यात एक गोम आहे.

आता खरी गोष्ट. असल्या मशीनमध्ये नंतर काय बदलता येतं आणि काय नाही, हे बघून पैसे लावायचे. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, ती कोणीही वाढवून देत नाही, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कितीही फिरा. मी २०२१ चा प्रो ८ घेताना आठ हजार वाचवायच्या नादात ८ जीबीवाला उचलला, आणि आता पीडीएफ, ब्राउझर आणि रेकॉर्डिंग एकदम चालू केलं की पोरं बोर्डाकडे बघत बसतात आणि मी गोल फिरणाऱ्या चक्राकडे. चूक माझीच. म्हणून १६ च्या खाली जाऊ नका, सेकंडहँड घेत असाल तरी. उलट एसएसडी छोटी घेतली तरी चालेल कारण प्रो ८, प्रो ९ आणि ११ वी आवृत्ती यांच्यात ती बदलता येते, पण तो १२ इंचीवाला घेतलात तर त्यात स्टोरेजसुद्धा बोर्डावरच बसवलेलं आहे, घेतलं तेवढंच कायमचं. हीच ती गोम.

प्रोसेसरचं नीट ऐका, इथे आपल्याकडचे लोक फसतात. स्नॅपड्रॅगन म्हणजे एआरएम चिप, मोबाईलमध्ये असते त्या जातीची. बॅटरी छान टिकते, गरम कमी होतं, ऑफिस, ब्राउझर, वनोट सगळं पळतं. पण इंटेलसाठी बनलेले विंडोजचे साधे प्रोग्राम त्याच्यावर भाषांतर करून चालतात आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी जोडलेली वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर, तसे चालत नाहीत, ड्रायव्हर एआरएमसाठीच बनलेला लागतो. म्हणजे तुमचा दहा वर्षं जुना प्रिंटर, टेंडर भरायला लागणारं डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, वजनकाट्याला जोडायची वायर, यूएसबी डोंगल लावल्याशिवाय न उघडणारं जुनं सॉफ्टवेअर, यातलं काहीही अडू शकतं. माझा मावसभाऊ केळीच्या गाड्या भरतो, त्याला टोकन लागतंच, त्याला मी सरळ इंटेलवाला सांगितला, तो बिझनेस मॉडेलमध्ये येतो आणि २०२५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत १५०० डॉलरपासून होता, महाग आहे पण टोकन चाललं नाही तर स्वस्त घेऊन तरी काय करणार. विद्यार्थी असाल, फक्त नोट्स आणि लेक्चर, तर स्नॅपड्रॅगन बिनधास्त घ्या.

सेकंडहँडवाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे त्यानंतर बाजारात जुने तुकडे स्वस्तात दिसायला लागले तर हुरळून जाऊ नका. विंडोज ११ ला इंटेलची ८ वी पिढी लागते, म्हणजे प्रो ६ पासून पुढचे चालतील, २०१७ चा किंवा त्याआधीचा नको. बघायला गेलात की पहिले तो आडवा धरून कडेने उजेडात बघा, स्क्रीन कुठे उचललेली दिसली की बॅटरी फुगलीय, तिथूनच परत फिरा, कारण बॅटरी स्क्रीनच्या मागे आणि स्क्रीन चिकटवलेली, काढताना काच तडकायची भीती. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप करा, एक फाईल बनते, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता दोन्ही लिहिलेले असतात. मूळच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर मी तरी घेत नाही.

आता एसएसडी बदलायची कशी. वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या. दुकानात जाऊन नुसतं "एनव्हीएमई द्या" (या एसएसडीच्या प्रकाराचं नाव) म्हटलं की ते लांबडी ८० मिलिमीटरची काढून देतात, मला दिलीच होती, घरी येऊन झाकण उघडलं तर अर्धी बाहेर. आपल्याला लागते २२३० साईज, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब, साधारण टपाल तिकिटाएवढी, आणि चिप्स एकाच बाजूला असलेली. त्याआधी घरी हे करून ठेवा: डेटाची कॉपी दुसरीकडे, बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, रिकव्हरी की कागदावर लिहून (तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते), आणि किमान १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवर मशीनचा सिरीयल नंबर टाकून मिळणारी रिकव्हरी इमेज, म्हणजे विंडोज परत टाकायची फाईल. मग पूर्ण शटडाऊन, चार्जर काढा, मागचा स्टँड उघडा, त्याच्या आत छोटं झाकण दिसतं, ते दाबून निघतं, काही मॉडेलला सिमची पिन लागते. आत एकच बारीक टॉर्क्स स्क्रू, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचा. साध्या फुलीच्या पेचकसने झटापट करू नका, डोकं गेलं की बसा. स्क्रू काढला की एसएसडी एका टोकाने स्वतःच थोडी वर उचलते, सरळ ओढून घ्या, नवी तिरकी घालून दाबा, स्क्रू लावा. पेनड्राईव्ह खोचा, आवाज कमी करायचं बटण दाबून धरा आणि पॉवर दाबून सोडा, लोगो आला की आवाजाचं बटण सोडायचं, पुढचं स्क्रीनवर सांगतं. स्क्रू काढताना खाली पांढरी चादर अंथरा, माझा फरशीवर पडला तो झाडू मारताना दुसऱ्या दिवशी सापडला.

उन्हाचं राहिलंच. हे मशीन ० ते ३५ अंशांत वापरायला बनवलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो. वळवाची वाट बघत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला गेलात तर बॅटरीचे हाल. शेतात सावलीत वापरा, दुपारी चार्जिंगला लावूनच काम करत बसू नका, आणि सरफेस अ‍ॅपमध्ये स्मार्ट चार्जिंग चालू ठेवा म्हणजे गरज असेल तेव्हा ८० टक्क्यांवर थांबतं. आणखी एक, हा स्टँड टेबलावर झकास, मांडीवर नाही. एसटीत खिडकीजवळच्या सीटवर मी करून बघितलं, गुडघ्यापर्यंत स्टँड पोचतो आणि पारोळ्याच्या पुढे पहिल्याच खड्ड्यात सगळं घसरतं.

मावसभावाने शेवटी इंटेलवाला घेतला, १६ जीबी, एसएसडी सगळ्यात लहान. त्यांचा कीबोर्ड नाही घेतला. मशीनला स्वतःचा स्टँड असतो, त्यामुळे साधा ब्लूटूथ कीबोर्डही चालतो, तो त्याने इथूनच घेतला, आणि आता काट्याशेजारच्या टेबलावर कीबोर्ड पडलेला असतो नि टॅबलेट एका हातात घेऊन तो गाडीभोवती फिरत घड मोजतो.