'हॅव' कसं वापरावं: 'आहे'चं इंग्रजी करताना

'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पेन आहे', 'मला ताप आहे', 'मला जायचं आहे', 'मी ते पुस्तक वाचलं आहे'. मराठीत ही पाचही वाक्यं 'आहे'वर भागतात आणि इंग्रजीत पाचही ठिकाणी 'हॅव' येऊ शकतं. पण 'आहे म्हणजे इज' हे पहिल्या धड्यापासून इतकं पक्कं बसलेलं असतं, की बोलताना तेच आधी तोंडात येतं आणि 'माय टू ब्रदर्स आर देअर' असं काहीतरी बाहेर पडतं. शब्दाला शब्द लावण्याऐवजी पुढच्या क्रमाने जाऊन बघा.

१. आधी कर्ता शोधा

मराठी वाक्यातलं 'मला', 'त्याला', 'तिच्याकडे', 'आमच्याजवळ' हेरा. प्रत्यय काढा आणि उरलेल्या माणसाला वाक्याच्या सुरुवातीला बसवा. 'तिच्याकडे गाडी आहे' यातली 'ती' पुढे आली, की 'शी हॅज अ कार'. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय हॅव टू ब्रदर्स'. मराठीत गाडी आणि भाऊ हे कर्ते आहेत, इंग्रजीत ते कर्म होतात. सगळी मेख इथेच आहे.

निर्जीव वस्तूंनाही हे लागू पडतं, फक्त प्रत्यय नीट बघायचा. 'या खोलीला दोन खिडक्या आहेत' म्हणजे 'धिस रूम हॅज टू विंडोज'. 'या खोलीत दोन खुर्च्या आहेत' म्हणजे 'देअर आर टू चेअर्स इन धिस रूम'. 'ला' असेल तर बहुधा 'हॅव', 'त' असेल तर बहुधा 'देअर'.

२. रूप निवडा

ही, शी, इट आणि एकवचनी नामांना 'हॅज', बाकी सगळ्यांना 'हॅव', भूतकाळात सरसकट 'हॅड'. प्रश्न आणि नकार मात्र 'डू'च्या मदतीने होतात: 'डू यू हॅव अ पेन?', 'शी डझन्ट हॅव अ कार'. 'डझ' आलं की 'हॅज'चं पुन्हा 'हॅव' होतं. 'हॅव यू अ पेन?' हे आता जुन्या वळणाचं वाटतं. ब्रिटिश बोलण्यात 'हॅव यू गॉट अ पेन?' हमखास ऐकू येतं, तेही बरोबरच आहे.

३. 'हॅविंग'चा मोह आवरा

'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं, की ते चूक आहे हे सांगूनही पटत नाही. मालकी, नातं या स्थिती आहेत, चाललेल्या क्रिया नाहीत, म्हणून तिथे 'इंग' नको. जेवण, गप्पा, बैठक या मात्र घडत असलेल्या गोष्टी, म्हणून 'वी आर हॅविंग लंच' किंवा 'दे आर हॅविंग अ मीटिंग' अगदी बरोबर.

४. अपवाद ओळखा

'मला ताप आहे', 'मला सर्दी आहे' यांना 'हॅव' चालतं. पण 'मला भूक लागली आहे', 'मला थंडी वाजते आहे', 'मला भीती वाटते आहे' यांना नाही. तिथे विशेषण आणि 'अ‍ॅम': 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय अ‍ॅम कोल्ड', 'आय अ‍ॅम अफ्रेड'. वयाचंही तसंच, 'शी इज ट्वेंटी'.

५. 'जायचं आहे' असेल तर थांबा

'मला जायचं आहे' यात इच्छाही असू शकते आणि भाग पडणंही. इच्छा असेल तर 'आय वाँट टू गो', जाणं भाग असेल तर 'आय हॅव टू गो'. बोलताना इथे 'व्ह'चा 'फ' होतो, 'हॅफ टू' असं ऐकू येतं, आणि 'हॅज टू'चं 'हॅस टू'. नकारात तर अर्थच फिरतो: 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे 'यायची गरज नाही'. 'येऊ नकोस' असा त्याचा अर्थ मुळीच नाही, त्यासाठी 'यू मस्ट नॉट कम'. निमंत्रणाच्या बोलण्यात हा घोळ महागात पडतो.

६. 'काल' दिसला की सहायक 'हॅव' काढा

'मी ते पुस्तक वाचलं आहे' म्हणजे 'आय हॅव रेड दॅट बुक'. इथे 'हॅव' मुख्य क्रियापदाला नुसती मदत करतं, म्हणून ते सहायक. 'मी काल त्याला सांगितलं आहे' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत वर्तमानकाळी 'हॅव'सोबत 'येस्टरडे' बसत नाही. 'आय हॅव टोल्ड हिम' म्हणा, नाहीतर 'आय टोल्ड हिम येस्टरडे'.

७. 'करून घेणे' इथे आणा

हा उपयोग शिकण्यासारखा आहे आणि नेमका तोच राहून जातो. 'आय कट माय हेअर' म्हणजे कात्री स्वतःच्या हातात. दुसऱ्याकडून केस कापून घेतले असतील तर 'आय हॅड माय हेअर कट'. वस्तू मध्ये, कृती शेवटी. हा क्रम हलवून 'आय हॅड कट माय हेअर' केलं, तर अर्थ होतो 'त्याआधीच मी माझे केस कापले होते'.

आता दोन्ही 'हॅव' एकत्र: 'मला फोन दुरुस्त करून घ्यायला हवा' म्हणजे 'आय हॅव टू हॅव माय फोन रिपेअर्ड'. कानाला खटकत असेल तर दुसऱ्या 'हॅव'च्या जागी 'गेट' घाला, बोलताना बरेच जण तेच करतात.