नवीन ईएमटींसाठी (अँब्युलन्सवर पेशंटला तातडीची मदत देणारे): नाडी आणि श्वास नीट कसा मोजायचा

अँब्युलन्सवर ट्रेनिंगला आलं की सगळ्यांचं लक्ष मॉनिटरकडे, श्वास मोजायचा मात्र कंटाळा, मग फॉर्मवर सरसकट १८ ठोकून मोकळे. असं करू नका राव. आधी जागा सेफ आहे का बघा, ग्लोव्हज घाला, मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, स्वतःचा अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट. आता बोटं तशीच ठेवून गुपचूप छातीकडे बघायचं, कारण "मावशी, श्वास मोजतोय" म्हटलं की मावशी लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतात. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास नॉर्मल, तान्ह्या बाळाचे जास्तच असतात.

पेशंट बेशुद्ध आणि नुसता अधूनमधून आचके देतोय तर तो श्वास आहे असं समजायचंच नाही. गळ्याची नाडी बघा, १० सेकंदांत नक्की लागली नाही तर लगेच सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायची मदत), छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब.

आणि हो, ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं बघून घ्या, आकडा चुकतो.