गिअर सैल झालाय? आधी बुश बघा

जुन्या गाडीचा गिअर टाकलेला असतानाही दांडा ढिला हलत असेल, पहिला टाकताना तिसरा पडत असेल, तर लगेच गिअरबॉक्स उघडू देऊ नका. बहुतेकदा दोष लिंकेजच्या, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या रॉडांच्या, सांध्यांत बसवलेल्या छोट्या कड्यांचा, म्हणजे बुशांचा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या तापाने, इंजिनच्या उष्णतेने आणि धुळीने रबर-प्लास्टिकचे बुश कडक होऊन तडकतात.

खात्री करणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवा, चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, एकाला दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही सांधे बघा. दांडा हलतो पण पुढचा रॉड उशिरा हलतो, तिथला बुश गेला. मात्र बंद इंजिनावर गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनावरच करकरतात, तर आधी क्लच तपासा.

बुश बदलायला गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, पक्के स्टँड लावाच! रॉड पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करण्याआधी रॉडवर खडूने किंवा मार्करने खूण करा, नाहीतर नंतर गिअर जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. बुश ज्या पिनेवर बसतो ती पिन घासून स्वच्छ करा. पिनच झिजली असेल तर नवा बुशही टिकणार नाही, तीही बदला. प्लास्टिकचा बुश कडक वाटला तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग दाबून बसतो. रबराला साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस वापरा. शेवटी इंजिन बंद असतानाच रिव्हर्ससह सगळे गिअर टाकून बघा.