राउंड बरा जातो, तरी तोंड पडलेलंच? मग या चुका टाळा

हौशी गोल्फरला ‘कसा झाला राउंड?’ असं विचारून बघा. आधी एकूण फटक्यांचा आकडा येतो (जितका कमी तितका बरा) आणि त्याच्या पाठोपाठ ‘पण’ येतो. ‘अठ्ठ्याण्णव. पण सोळाव्यावर दोन ओबी गेले.’ ‘एक्क्याण्णव. पण तीन थ्री-पट झाले, नाहीतर सहज अठ्ठ्याऐंशी होते.’ (ओबी म्हणजे बॉल हद्दीबाहेर; थ्री-पट म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत ग्रीनवर तीन पट, म्हणजे हलके फटके.) या ‘पण’चा मला मनापासून कंटाळा आलाय. पहाटे उठायचं, घरच्यांची बोलणी खायची, ग्रीन फी आणि बॅग वाहणाऱ्या कॅडीचे पैसे मोजायचे, चार-साडेचार तास चालायचं आणि परत यायचं ते सुतकी चेहऱ्यानं! मग दोष स्विंगला द्यायचा आणि रात्री फोनवर स्विंगचे व्हिडिओ बघत बसायचं.

गंमत म्हणजे आठवड्याभरानंतर त्याच माणसाला विचारा, स्कोअर धड आठवत नाही. आठवतो तो बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) काढून एका पटमध्ये वाचवलेला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेला फटक्यांचा आकडा. अठराही होल एकाच बॉलवर खेळलो, हे आठवतं. शेवटच्या होलला फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध बसलेला ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, आठवतो आणि न मागता आलेलं कॅडीचं ‘शॉट, साहेब!’ तर वर्षभर आठवतं. ज्यानं समाधान मिळतं ते आपण मोजतच नाही आणि जे मोजतो ते बहुतेक वेळा चुकीच्या पट्टीनं.

‘पार’शी भांडण

कार्डावर छापलेला पार तुमच्यासाठी नसतो. तो स्क्रॅच खेळाडूसाठी असतो, म्हणजे ज्याचा हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) शून्य आहे त्याच्यासाठी. तुमचा अठरा असेल तर प्रत्येक होलवर एक फटका तुम्हाला जास्तीचा मिळतो. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, हाच तुमचा पार. इतकं साधं गणित इंजिनिअर आणि सीए लोकांना दर रविवारी नव्यानं सांगावं लागतं.

त्यातही एक गोम आहे. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी उत्तम ८ धरले जातात. उरलेले १२ बाजूला. म्हणजे हँडिकॅप ही तुमची सरासरी नाही, तुमच्या चांगल्या दिवसांची सरासरी आहे. पार ७२ च्या कोर्सवर वीस हँडिकॅपवाल्यानं ९२ मारले तर तो उत्तम दिवस. ९५-९६ हा त्याचा नेहमीचा दिवस. तरी ९६ ला लोक असं काही तोंड करतात की समोरच्यानं सांत्वनच करावं.

माझी सवय सांगतो. पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतं त्या जागेवर) जायच्या आधी कार्डावर पेन्सिलीनं स्वतःचा पार लिहायचा. चारच्या जागी पाच, पाचच्या जागी सहा. हँडिकॅप वीस असेल तर इंडेक्स १ आणि २ च्या, म्हणजे सर्वांत अवघड, होलवर आणखी एकेक. मग पाचावर होल संपवलं की ते ‘गेलेलं होल’ वाटत नाही.

निळ्या टीचा सोस

आता माझ्या डोक्यात जाणारा प्रकार.

पुण्याजवळच्या एका डोंगराळ कोर्सवर आमच्या पुढे चौघं होते. वर्षभरापूर्वी सरावाच्या रेंजवर शिकलेले, बॅगा चकचकीत, एकाच्या ड्रायव्हरवरचं (लांब फटक्याच्या काठीवरचं) प्लॅस्टिक त्याच सकाळी निघालेलं. पुढची पांढरी टी सोडून सरळ मागच्या निळ्या टीवर जाऊन उभे राहिले. म्हातारा कॅडी हळूच म्हणाला, ‘साहेब, पांढऱ्यावरून घ्या की. बरं पडेल.’ त्यावर ड्रायव्हरवाल्याचं उत्तर: ‘काका, पैसे पूर्ण कोर्सचे भरलेत, पूर्ण कोर्स खेळणार.’

पहिलं होल निळ्यावरून साधारण ४३० यार्ड. यांचे ड्राइव्ह चांगले बसले तर १९०. उरले २४०. तिथे फेअरवे वूड ही लांब पल्ल्याची काठी बाहेर काढली आणि बॉल टॉप झाला, म्हणजे वरच्या कडेला फटका बसून जमिनीवरूनच घरंगळला. पुन्हा तेच. चौथ्या फटक्यात कुणी ग्रीनजवळ, पाचव्यात कुणी बंकरमध्ये. तिसऱ्या होलवर नाला आहे. पांढऱ्या टीवरून तो ओलांडायला १३०-१४० यार्ड पुरतात, निळ्यावरून १८५ हवेत मारावे लागतात. एकामागून एक बॉल नाल्यात. मग दुसरा बॉल, मग तिसरा. खाली उतरून शोधाशोध. आम्ही मागे उभे, आमच्या मागे आणखी दोन फ्लाइट (खेळाडूंचे गट). कॅडी झाडाखाली बसून तंबाखू मळतायत. पहिले नऊ होल व्हायला तीन तास लागले. बाराव्यानंतर चौघं तडक कॅन्टीनकडे वळले. आमच्या बाजूनं जाताना एक जण म्हणाला, ‘यार, गोल्फ जरा ओव्हररेटेडच आहे.’

गोल्फनं काय घोडं मारलंय याचं? यानं गोल्फ खेळलाच नाही. यानं बारा होल रांगेत लांबीशी मारामारी केली. एकदाही हातात सात किंवा आठ नंबरची काठी घेऊन ग्रीनकडे बघायची वेळ आली नाही आणि राउंडमधली खरी मजा तर तिथेच असते.

आकडे बोलू देत. ब्रिटनमधल्या हौशी पुरुषांचा ड्राइव्ह सरासरी २१५ यार्डांच्या आसपास मोजला गेलाय. आपल्याकडे क्लबच्या बारमध्ये मात्र प्रत्येक जण अडीचशे मारतो. अमेरिकेत २०११ साली ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीम निघाली. त्यांचा तक्ता सांगतो, ड्राइव्ह २०० यार्ड असेल तर ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळा. २२५ असेल तर ५,८०० ते ६,०००. २५० असेल तरी ६,४०० च्या पुढे जाऊ नका. तक्ता लक्षात राहत नसेल तर तुमचा पाच नंबर आयर्न जितका जातो त्याला ३६ नं गुणा. दीडशे जात असेल तर ५,४००. झालं.

पावसाळ्यात मी न विचारता एक टी पुढे जातो. ओल्या फेअरवेवर बॉल पडतो तिथेच रुततो, रोल शून्य. मग मे महिन्यातला २१० चा ड्राइव्ह जुलैत १९० ला थांबतो. पुढची टी ‘बायकांची’ म्हणून हसणाऱ्यांनी टोकियो ऑलिंपिक आठवावं. लांबीत आपली अदिती अशोक जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. पटर आणि वेजच्या (ग्रीनजवळच्या फटक्यांच्या काठीच्या) जोरावर ती चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. तिच्यापेक्षा तुमचा अहंकार मोठा आहे का?

गिमीवर वाढलेलं पोर

दुसरा आजार याहून चिवट, कारण तो प्रेमातून होतो. दोन फुटांवर बॉल थांबला की दोस्त म्हणतो, ‘उचल रे, दिला.’ हीच गिमी, न मारता मोजलेला पट. मग अडीच फूट. मग तीन. मग ‘चांगला पट होता, दिला.’ पहिल्या टीवरचा मलिगन (फसलेला फटका न मोजता पुन्हा मारणं) तर आता हक्कच समजला जातो. चहा आधी का मलिगन आधी, एवढाच प्रश्न.

मॅचप्लेमध्ये, म्हणजे होलागणिक लढतीत, समोरच्याला पट देणं नियमातच आहे. स्ट्रोकप्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजताना, बॉल होलमध्ये गेल्याशिवाय होल संपत नाही. पण फोरबॉलच्या, म्हणजे चौघांच्या, दोस्तीत हा फरक कोण पाळतो?

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा हँडिकॅप असाच चौदावर येऊन बसला होता. शनिवार-रविवारचा ठरलेला कंपू, सगळी कार्डं तिथलीच. एकदा त्यांनी उत्साहानं क्लबच्या मासिक मेडलमध्ये (स्ट्रोकप्ले स्पर्धेत) नाव दिलं. मार्कर (स्कोअर लिहिणारा) म्हणून वाट्याला आले एक निवृत्त कर्नल. पहिल्या होलवर तीन फटक्यांत ग्रीनवर, पहिला पट अडीच फुटांवर थांबला. कंपूत हा पट दिलेला, म्हणजे पाच. गृहस्थांनी सवयीनं बॉल उचलला, खिशात टाकला आणि निघाले दुसऱ्या टीकडे.

कर्नल जागचे हलले नाहीत. ‘सर, होल आउट?’

खूण न करता बॉल उचलला म्हणून एक दंड, बॉल परत जागेवर. पुढच्या टीवरून मारून मोकळे झाले असते तर थेट बादच. आता अडीच फूट. कित्येक महिन्यांत असा पट त्यांनी कधी मारलाच नव्हता. गेला कडेनं. पाचाचे सात झाले. त्यानंतर प्रत्येक ग्रीनवर त्यांचा पटर हातात थरथरताना दिसत होता. चारफुटी पट बघितला की डाव्या हाताचं मनगट आखडायचं आणि बॉल होलच्या उजवीकडून जायचा. शेवटी १०४. चौदा वजा केले तर नेट ९०. व्हरांड्यात बसून म्हणाले, ‘आजची ग्रीन्स फारच वाईट होती.’ ग्रीन्स उत्तम होती. त्यांचा चौदा खोटा होता आणि त्या खोट्या चौदापायी पुढे कित्येक महिने प्रत्येक प्रामाणिक ९८ त्यांना अपमानासारखा वाटत राहिला.

दोस्तांना हे सांगायला जाल तर कंजूष ठराल. म्हणून मी वाद घालत नाही. ‘दिला’ म्हणाले तरी ‘थँक यू’ म्हणून पट मारतोच. पाच सेकंद लागतात. मलिगन खुशाल घ्या, पण मग त्या दिवसाचं कार्ड हँडिकॅपला टाकू नका. राउंडच्या आधी प्रॅक्टिस ग्रीनवर लांब पट मारत फोटो काढण्यापेक्षा तीनफुटीच मारा, चारही बाजूंनी.

आणि चुकला तर चुकला. अमेरिकन टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून जवळपास निम्मे पट चुकवतात. टीव्हीवर तुम्हाला त्या आठवड्यात सगळं जमून आलेले आघाडीचे पाच-सहा जण दिसतात. गुणफलकाच्या तिसऱ्या पानावरचे दाखवत नाहीत.

एका होलवरून अख्खा राउंड फेकणं

पाचव्या होलला नऊ झाले की काही लोक मनानं घरी जातात, शरीर अठराव्यापर्यंत ओढत नेतात. याच मंडळींसाठी डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची पद्धत बसवली. इंग्लंडात वॅलसीच्या क्लबवर १९३२ साली तिची स्पर्धा झाली. लोक दोन-तीन वाईट होल गेली की कार्ड फाडतात, हे त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. नेट पारला २, नेट बोगीला १, त्याहून वाईट म्हणजे शून्य, मग नऊ मारा नाहीतर बारा. शून्य झालं की बॉल उचला आणि पुढे चला. ३६ गुण म्हणजे हँडिकॅपइतका खेळ. शंभरच्या आसपास खेळणाऱ्यानं पहिली दोन वर्षं तरी स्टेबलफर्डच खेळावं, असं माझं ठाम मत आहे. क्लबमधले जुने लोक याला ‘पोरांचा हिशोब’ म्हणतात. म्हणू देत.

बाकीच्या, पटपट

नवव्यानंतर बेरीज करू नका. ‘आता फक्त ४४ मारले की झालं’ हे वाक्य उच्चारल्यावर ४४ मारलेला माणूस मला अजून भेटायचाय.

राउंड चालू असताना दोस्ताला स्विंग शिकवू नका आणि त्याच्याकडून शिकूही नका. तो स्वतः शंभर मारतो.

बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत, पूर्वी पाच होती. ओबी किंवा हरवल्याची शंका आली की तिथेच प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा बॉल, मारा. मागे पळत जाणं हा व्यायाम आहे, गोल्फ नाही.

पावसाळ्यात बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंड न घेता काढता येतो, रफमध्ये (उंच गवतात) सुद्धा. डबक्यातूनही फुकट सुटका आहे. ड्रॉप, म्हणजे बॉल हातानं खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून. दर जुलैत चिखलातून वेज हाणून कपडे खराब करणारे दिसतात. नियम वाचायचे कष्ट नकोत, त्यापेक्षा धोब्याचं बिल बरं!

कॅडीला अंतर विचारलंत तर तो म्हणेल ते मान्य करा. तो ‘सहा नंबर’ म्हणाला, तुम्ही आठ मारलात आणि बॉल अलीकडच्या बंकरमध्ये गेला तर त्याच्याकडे बघू नका.

नवा ड्रायव्हर घेतल्यानं समाधान मिळतं, नाही असं नाही. पहिल्या टीपर्यंत.

रेंजवर बादलीभर बॉल ड्रायव्हरनं मारून थेट पहिल्या टीवर येणाऱ्याला काय सांगणार? दहा चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) मारा, बाकी अंग चालता चालता मोकळं होतं.

पिच मार्क, म्हणजे बॉल आदळून ग्रीनवर पडलेला खड्डा. फोर्क कडेनं घालून माती मध्याकडे ढकलायची, खालून उचकटायचं नाही. उचकटलं की मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग राहतो. मग पटरच्या तळानं हलकं दाबायचं. आपला करून झाला की शेजारचाही एक करा. तो कुणाचा आहे हे फ्लाइटमधल्या सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.