मेपलच्या सावलीत कोलंबाइन लावायचंय? ऑक्टोबरातच तयारीला लागा

न्यू जर्सीत आमच्या परसात दोन मोठे मेपल आहेत. त्यांच्याखाली गवत कधी धरलंच नाही. आता तिथे मे महिन्यात कोलंबाइनची लाल-पिवळी रानफुलं डुलतात. तुमच्याकडेही असा कोपरा असेल तर वसंताची वाट पाहू नका.

आधी सावली कुठली ते बघून घ्या. पानगळ होणाऱ्या झाडाखालची सावली उत्तम, कारण पालवी फुटेपर्यंत जमिनीवर ऊन येतं आणि कोलंबाइन तेवढ्यात वाढून घेतं. भिंतीआडच्या काळोख्या पट्ट्यात पानं येतील, फुलं फारशी नाहीत. मग वीतभर खड्डा खणून त्यात पाणी ओता. पाणी तुंबून राहिलं तर जागा बदला; रानात हे झाड खडकाळ उतारावर वाढतं. खत मात्र आणूच नका. वाफा म्हटला की कंपोस्ट, ही आपली सवय. मीही पहिल्यांदा दोन पोती मिसळली होती. रोपं भराभर उंच झाली आणि एका पावसात आडवी पडली.

बी घेताना पूर्ण नाव वाचा: अक्विलेजिया कॅनडेन्सिस, म्हणजे आपल्या पूर्वेकडची लाल-पिवळी जात. मिश्र रंगांच्या पाकिटात युरोपातली जांभळी-गुलाबी जात निघते, आणि दोघींचा संकर इतका सहज होतो की पुढे पडलेल्या बियांतून मूळचं फूल येईलच असं नाही. कोलोरॅडोचं निळं-पांढरं कोलंबाइन १८९९ पासून तिथलं राज्यफूल आहे, देखणंही आहे. पण ते रॉकी पर्वतातलं, आपल्या पूर्वेकडचं नव्हे. माझा हा आग्रह हमिंगबर्डसाठी आहे. लाल फुलाच्या पाच नळ्यांच्या टोकाशी मध असतो, आणि हा इवलासा पक्षी दक्षिणेकडून परततो तेव्हा नेमकं हेच फूल उमललेलं असतं. फूल खाली मान घालून असतं, म्हणून तो हवेत जागच्या जागी थांबून चोच वर करून मध पितो. हे एकदा खिडकीतून बघाच.

बी काळं, चकचकीत, बारीक मोहरीसारखं. नोव्हेंबरात पाला झाडून मोकळ्या मातीवर भुरभुरा आणि तळहाताने दाबा. वर माती ओढू नका, रुजायला उजेड लागतो. थंडी आणि ओलही हवी. हिवाळा हुकला तर ओल्या टिश्यूत गुंडाळून, पिशवीवर तारीख घालून, महिनाभर तरी फ्रिजमध्ये ठेवा. रोपंच आणणार असाल तर लहान आणा, कारण सोटमूळ खोल गेलं की हलवलेलं सोसत नाही. मेपलची मुळं पाणी शोषून घेतात, तेव्हा पहिला उन्हाळाभर पाणी द्यायची सोय करा.

पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच दिसतील. फुलं दुसऱ्या वर्षी. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा आल्या तर ती पान आतून पोखरणारी नागअळी. ती पानं खुडा, पण फवारा मारू नका. कोलंबाइन डस्कीविंग फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

थोडी कागदी पाकिटंही आणून ठेवा. झाड काही वर्षंच टिकतं, पुढची पिढी बियांतूनच येते. फूल मान खाली घालतं, शेंग मात्र ताठ उभी राहते. ती वाळून तोंड उघडलं की दांडी पाकिटात वाकवा, बी टपटप पडतं. निम्मं घ्या, निम्मं तिथेच सांडू द्या.