जीन गेली कधी, सायक्लॉप्स रडतो कधी: कार्टूनचे भाग क्रमाने लावताना

"आत्ये, जीन काल घरातच होती मां? मगे ह्यो आज रडता कित्याक?"

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला भावाच्या मुलाने हे विचारलं, आणि मी माझी जुनी वही माळ्यावरून खाली काढली. १९९२ साली सुरू झालेली 'एक्स-मेन' ही अचाट शक्तीच्या वीरांची कार्टून मालिका तो ॲपवर दिसेल तशी ओळीने बघत होता. जीन आणि तिच्यावर प्रेम करणारा सायक्लॉप्स हे त्याच टीममधले. चूक त्याची नव्हती. फीनिक्स नावाची अफाट शक्ती अंगात आलेली जीन सूर्याकडे जाते ती पाच भागांची कथा सप्टेंबर १९९४ मध्ये दाखवली. तिच्या जाण्याने कोलमडलेला सायक्लॉप्स टीम सोडून लहानपणीच्या अनाथाश्रमाकडे वळतो, तो भाग म्हणजे 'नो म्यूटंट इज ॲन आयलंड'. तो दिसला थेट १९९६ मध्ये. मधल्या काळात जीन परत आलेली, तीच शक्ती बेफाम होते ती डार्क फीनिक्सची कथाही होऊन गेलेली. पोराला सायक्लॉप्सचं दुःख खोटं वाटलं, याचं मला फार वाईट वाटलं.

असं होतं कारण लिहिणारे एकीकडे आणि चित्रं काढणारे दुसरीकडे. 'एक्स-मेन'ची बरीचशी चित्रं कोरियात व्हायची. एखाद्या भागात चुका निघाल्या की तो दुरुस्तीला परत जाणार, आणि चॅनेल त्या वेळेला पडदा रिकामा ठेवणार नाही. जो तयार तो लावणार. आमच्या बंदरावर जी होडी आधी लागते तिच्या मासळीचा लिलाव आधी होतो, मग समुद्रात ती कितव्या नंबरने गेली होती हे कोणी विचारत नाही. तसंच.

आता वहीची पद्धत. प्रत्येक भागाला एक ओळ. डावीकडे प्रसारणाची तारीख, शेजारी प्रॉडक्शन नंबर (भाग बनवताना त्याला दिलेला क्रमांक), आणि उजवीकडे ऐसपैस जागा साक्षीदारांसाठी. साक्षीदार म्हणजे भागातच दिसणारी, खोटं न बोलणारी गोष्ट: कोण टीममध्ये आहे, कोण मेलंय, कोणाला कोणाचं गुपित ठाऊक आहे. 'एक्स-मेन'च्या टीममधला मॉर्फ पहिल्याच कथेत मरतो आणि दुसऱ्या सीझनला परततो, हा झाला साक्षीदार. 'बॅटमन'च्या कार्टून मालिकेत हार्वी डेंटचा चेहरा. 'प्रिटी पॉयझन'मध्ये तो ब्रूसचा, म्हणजे बॅटमनचाच, धडधाकट मित्र आहे, म्हणून ती कथा त्याचा चेहरा जळतो त्या 'टू-फेस'च्या आधीच हवी. मित्र म्हणून तो आवडला नाही तर पुढे त्याचा चेहरा जळल्याचं काहीच वाटत नाही.

कच्चा क्रम प्रॉडक्शन नंबरने लावा. नंबर बहुधा तारखेपेक्षा प्रामाणिक असतो. 'बॅटमन'चा पहिला नंबर 'ऑन लेदर विंग्ज'चा, पण ५ सप्टेंबर १९९२ ला मालिका सुरू झाली ती कॅटवूमनच्या 'द कॅट अँड द क्लॉ' या जोडकथेच्या पहिल्या भागाने, कारण त्याच उन्हाळ्यात कॅटवूमन असलेला सिनेमा येऊन गेला होता. 'लेदर विंग्ज' दुसऱ्या दिवशी आला, आणि मांजरीच्या कथेचा उत्तरार्ध १२ तारखेला. जोडभाग असे कधी तोडू नका, हा माझा एकमेव कडक नियम.

पण नंबरही डोळे झाकून मानू नये. 'बॅटमन'चा दुसरा नंबर नाताळच्या कथेचा आहे. ती दाखवली नोव्हेंबरात. मी ती डिसेंबरसाठी बाजूला ठेवते. कथेला धक्का लागत नाही आणि मुलांना मजा येते. भाग हलवायचा तर पेन्सिलीने, आणि का हलवला ते शेजारी लिहूनच. कारण लिहिता आलं नाही तर भाग होता तिथेच ठेवायचा.

ही वही मी आठवीत सुरू केली होती. पावसात माडाचं चुडत पडून केबलची वायर तुटायची, चार-चार दिवस टीव्ही बंद. मग कुडाळच्या मावसभावाला फोन करून चुकलेल्या भागात काय झालं ते उतरवून घ्यायचे. तेव्हा मला वाटायचं, गोंधळ आमच्या वायरमुळे आहे. तो मुळातच होता हे खूप नंतर कळलं.

काही सांधे जुळतच नाहीत. 'एक्स-मेन'च्या शेवटच्या सहा भागांची चित्रं दुसऱ्या स्टुडिओने केली, माणसं वेगळीच दिसतात. तिथे क्रम बदलून उपयोग नाही. मुलाला आधी सांगून ठेवावं की आता चेहरे बदलतील, माणसं तीच आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही फीनिक्सचे पाचही भाग पुन्हा लावले आणि लगेच 'आयलंड'. सायक्लॉप्स सामान बांधायला लागला तेव्हा पोरगं माझ्याजवळ सरकलं. भाग संपल्यावर त्याने पेन्सिल मागून घेतली, डार्क फीनिक्सच्या ओळीच्या वर बाण काढला आणि कारणाच्या जागी लिहिलं: "आदी रडूंक होया."