बेंचरेस्टसाठी महागडी एअर रायफल घेताय? या चुका टाळा

मला येणाऱ्या दहा फोनांपैकी नऊ एकाच वाक्याने सुरू होतात: "काका, बजेट आहे, फाइनवेर्कबाऊ घेऊ का वाल्थर?" (दोन्ही जर्मन कंपन्या.) मी विचारतो, किती मीटरवर मारणार? फोनवर शांतता. मग उत्तर येतं, "ते बघू नंतर, आधी रायफल तर येऊ द्या." दोन-तीन लाख रुपये घालायला निघालेला माणूस अंतर नंतर बघणार आहे. लग्नाचा हॉल बुक करून मग मुलगी बघायला जाण्यातला हा प्रकार.

तर आधी अंतर. १० मीटरची मॅच रायफल उभ्याने मारण्यासाठी घडवलेली असते. ताकद, म्हणजे सुटणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा, साडेसात जूलच्या आसपास, नेम डायॉप्टरने, म्हणजे बारीक भोकातून बघून, बटाची प्लेट खांद्याला जुळवता येणारी, सगळा तोल उभ्या माणसाच्या हिशेबाने. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, १० मीटर स्पर्धेत स्कोप चालतच नाही. बेंचरेस्टला मात्र टेबल, पुढे रेस्ट, मागे बॅग आणि वर तगडा स्कोप. डब्ल्यूआरएबीएफच्या, म्हणजे बेंचरेस्टच्या जागतिक संघटनेच्या, नियमांनी खेळायचं तर अंतर २५ मीटर, एका कागदावर २५ टार्गेट, प्रत्येकावर मोजणीचा एकच छर्रा, पूर्ण गुण २५०. त्यात लाइट व्हार्मिंट वर्गाला १२ फूट-पाउंड ताकद आणि ४.७६२ किलो वजनाची मर्यादा. हेवी व्हार्मिंटला २० फूट-पाउंड आणि ६.८०३ किलो. जर्मनीत ज्येष्ठ मंडळी १० मीटरवरच रायफल टेकवून मारतात, त्याला आउफलागे म्हणतात. तुम्हाला तेच करायचं असेल तर साडेसात जूलची रायफल उत्तम. पण ते आधी ठरवा.

जूल आणि फूट-पाउंड यांची खिचडी

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं, कारण यात पैसेही जातात आणि पोलीस स्टेशनही दिसू शकतं.

आमच्या नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा एक पोरगा. हुशार, कोडिंग-बिडिंग करणारा. परराज्यातल्या कुणाकडून त्याने वापरलेली हेवी व्हार्मिंटची रायफल ठरवली आणि टोकन देऊन मोकळा झाला. मग मला दाखवायला फोटो घेऊन आला. मी म्हटलं, बाबू, ही परवान्याशिवाय ठेवता येणार नाही. तर म्हणतो, "काका, लिमिट वीसची आहे ना? ही वीसचीच आहे. काहून टेन्शन घेता?"

२०१६ च्या शस्त्र नियमांतली मर्यादा २० जूलची आहे, आणि हेवी व्हार्मिंटचे वीस हे फूट-पाउंड. एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ जूल. म्हणजे त्याची रायफल २७ जूलची. उलट बाजूने बघा: २० जूल म्हणजे पावणेपंधरा फूट-पाउंडच्या आत-बाहेर. लाइट व्हार्मिंटचे १२ फूट-पाउंड म्हणजे सव्वासोळा जूल, ते आरामात बसतात. हेवीचे बसत नाहीत. शिवाय नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा मोठी असली तर ताकद कितीही कमी असो, परवाना लागतोच. "बाविसची (०.२२ इंच नळीची) घेऊ का, छर्रा जड असतो" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पोराचं टोकन बुडालं. विकणारा म्हणाला, मी काय तुम्हाला कायदा शिकवायला बसलो आहे का. त्याचंही बरोबरच.

यातला छुपा खड्डा पुढे आहे. ताकद ही फक्त रायफलची नसते, छर्ऱ्याचीही असते. ८.४४ ग्रेनचा (सुमारे ०.५५ ग्रामचा) छर्रा सेकंदाला २४४ मीटरने सुटला तर सव्वासोळा जूल होतात. पीसीपी रायफलमध्ये, म्हणजे आधी दाबाने हवा भरून ठेवायच्या रायफलमध्ये, त्याच सेटिंगवर १०.३४ ग्रेनचा छर्रा घातला की ताकद बहुधा वाढते. हलक्या छर्ऱ्यावर साडेएकोणीस जूल दाखवून विकलेली रायफल जड छर्ऱ्यावर मर्यादा ओलांडू शकते. म्हणून माझी सवय: विकणाऱ्याचा आकडा मानायचा नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, समोर ठेवायचा, जो सगळ्यात जड छर्रा आपण कधी वापरू तो घालायचा आणि स्वतः मोजायचं. छर्ऱ्याचं वजन ग्राममध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले दोन हजार. उत्तर जूलमध्ये येतं. हे गणित न करता रायफल विकत घेणाऱ्याची मला खरंच कीव येत नाही.

"नळीच खराब आहे"

धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी १० मीटरची नामांकित जर्मन रायफल वापरलेली घेतली. रायफल एक नंबर होती, मी स्वतः हाताळली होती. त्यांनी वर एक मोठा स्कोप चढवला, सपाट तोंडाचे मॅच छर्रे घेतले आणि एप्रिलमध्ये काटोल रोडच्या एका संत्र्याच्या बागेत, सकाळी अकराला, २५ मीटरवर मारायला बसले. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, रुपयाच्या नाण्याएवढा. डॉक्टरांचं निदान: नळी खराब.

आता काय काय चुकलं होतं ते मोजा. स्कोपचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांना कायमचा बसवलेला, त्यामुळे २५ मीटरवर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुलीही, सरकणार. साडेसात जूलला मॅच छर्रा सेकंदाला जेमतेम १७० मीटरने निघतो, म्हणजे हवेत जास्त वेळ राहतो आणि वाऱ्याला जास्त खेळायला मिळतं. सपाट तोंड कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडायला छान, पण अंतर वाढलं की घुमटी तोंडाचाच छर्रा बरा. आणि नागपुरात एप्रिलच्या अकराला जमिनीवरून उठणारी वाफ मोठ्या मॅग्निफिकेशनच्या स्कोपमधून बघा. टार्गेट पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. त्या वेळी जगातली कोणतीही रायफल द्या, तोच निकाल.

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आठ दिवस थांबा, सकाळी साडेसहाला या, माझा स्कोप लावून बघू. थांबतील कसले. त्यांनी रायफल एका कारागिराकडे दिली. त्याने नळीचं तोंड "साफ" केलं, म्हणजे क्राउनवर पॉलिश मारलं. छर्रा नळीतून सुटताना शेवटचा जिथे टेकतो ती कड ती. ती एका बाजूने जरी घासली गेली तरी मागची हवा छर्ऱ्याला तिरका धक्का देते. आता मात्र नळी खरोखर खराब झाली. पेशंटला तपासण्याआधी ऑपरेशन करू नये, हे त्यांना मी सांगायचं का?

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. रायफल बॅगांवर नीट बसवायची, हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायचं. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरत असेल तर स्कोपची फोकस रिंग आधी जुळवायची. १० मीटरपर्यंत फोकस होणारा स्कोप नसेल तर तो विकून टाकायचा. मग स्टॉकचे स्क्रू, मग स्कोपचे माउंट. मग चार-पाच प्रकारचे छर्रे, प्रत्येकाचे सारखे ग्रुप. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलून "आता जमलं" म्हणणाऱ्याला काय जमलं हे कळलेलंच नसतं. नळीला मी शेवटी हात लावतो, तोही फक्त कापडाने. साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडे-तिकडे जातात. त्यावरून घाबरून पुन्हा साफ करणारेही मी पाहिले आहेत.

हवेचा धंदा

पीसीपीमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगवाल्याचा नाही, हॉस्पिटलचा नाही, "थोडासाच" नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला आतलं तेल किंवा ग्रीस भेटलं की स्फोट होतो. "सिलिंडर तर सिलिंडर, काय फरक पडतो" म्हणणाऱ्याला मी माझ्या टेबलाजवळ बसू देत नाही.

वापरलेली मॅच रायफल घेताना सगळे नळी बघतात, सिलिंडरवरची तारीख कुणी बघत नाही. बऱ्याच मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते. स्पर्धेत मुदतीतला सिलिंडर ही खेळाडूचीच जबाबदारी. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आणि तो मागवण्याची कटकट सौद्यातून वजा करा. "आमच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट करून देतो" हे ऐकलं की उठा.

भरलेला सिलिंडर मे महिन्यात गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार असलेला दाब गाडी ६० अंशांपर्यंत तापली की २२३ च्या पुढे जातो. पावसाळ्यात पंपाला किंवा कॉम्प्रेसरला ओलावा धरणारा फिल्टर हवाच. नाहीतर पाणी थेट रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्याला सारखा दाब देणाऱ्या भागात.

आणि रेग्युलेटर नसलेली पीसीपी बेंचरेस्टसाठी घेऊ नका. १२ फूट-पाउंडला सेकंदाला तीन मीटर वेगाचा फरक पडला तर २५ मीटरवर छर्रा सुमारे दीड मिलिमीटर वर-खाली जातो. या खेळात दीड मिलिमीटर म्हणजे गेलेला गुण.

बाकीच्या, पटापट

स्प्रिंगची रायफल बेंचवर: ती उडी मारते, आणि बॅगवर कशी ठेवली त्यावर तिचा मूड ठरतो. शिकायला ठीक, २५० मारायला नाही.

वजन: रायफल एकटी मोजू नका. स्कोप आणि माउंट चढवून किराण्याच्या काट्यावर ठेवा. लाइट व्हार्मिंटची मर्यादा बहुतेकांची स्कोपमुळेच ओलांडली जाते.

स्टॉक: पुढचा भाग खालून सपाट आणि रुंद हवा. गोल असेल तर रेस्टवर लोळतो.

बॅग: चांगल्या बॅगेला पैसे नसतील तर चामड्याची पिशवी शिवून घ्या आणि कन्हानची रेती चाळून, वाळवून भरा. माझी अजून तीच आहे. धान्य भरू नका. हलकंही असतं आणि उंदीरही येतात.

तिरकेपणा: स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावा. शेपाचशेची वस्तू आहे, तिच्यावर वाद घालू नका.

कबुतरं मारून बघू का असं विचारणाऱ्याचा नंबर मी ब्लॉक करतो.

शिसं: छर्रे हाताळून तसेच तर्री-पोह्यावर तुटून पडू नका. आधी साबणाने हात धुवा.

पैशाची वाटणी: सगळं बजेट रायफलवर उडवून स्कोप "सध्या कोणाचा तरी" वापरणारे निम्म्या वाटेवर खेळ सोडतात. मी तरी रायफलला निम्म्याहून जास्त देत नाही. उरलेल्यात स्कोप, रेस्ट, हवा भरायची सोय आणि छर्रे. एखाद्या डब्यातले छर्रे तुमच्या नळीला मानवले की त्याच लॉटचे आणखी डबे त्याच आठवड्यात घ्या. दोन महिन्यांनी दुकानदार तोच डबा देईल, रंगही तोच असेल, पण लॉट दुसरा असेल आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.